मनू, तुझी स्क्रिप्ट आता दुसऱ्यांच्या हातात जाणार आहे

मनू, तुझी हिशोब.पाय नीट वाचली. बचत गटांच्या सीएसव्ही फाइली उघडायच्या, महिन्याची जमा, कर्जफेड आणि थकबाकी काढायची, हे काम ती चोख करते. आकडेमोडीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तू म्हणालीस ना, की तालुक्याच्या ऑफिसातल्या मॅडमही आता ती वापरणार आणि दर महिन्याच्या एक तारखेला ती सर्व्हरवर आपोआप चालणार, तिथे मला तुझी काळजी वाटली. फाइलीचं नाव, महिना, कुठला गट, हे सगळं तू कोडच्या वरच्या चार ओळींत लिहून ठेवलंयस. दर वेळी त्या ओळी बदलायच्या, सेव्ह करायचं, चालवायचं. तू एकटी होतीस तोवर चालून गेलं. मॅडमना कोड उघडायला लावू नकोस गं. एखादं अवतरणचिन्ह चुकून खोडलं गेलं की स्क्रिप्ट बंद, आणि त्यांच्या मनात कायमची भीती बसणार की आपल्याला हे जमत नाही.

जे दर वेळी बदलतं ते कोडबाहेर काढ आणि कमांड लाइनवरून घे. ते कसं, हेच आज सांगते. वाचायला सोपं जावं म्हणून पर्यायांची नावं मी देवनागरीत लिहितेय. पायथन ३ मध्ये ती तशीच्या तशी चालतातही. तुमच्या ऑफिसात कोण कुठल्या कीबोर्डवर टाइप करतं ते बघ आणि मग रोमन की देवनागरी ते ठरव.

आधी मुळापासून. टर्मिनलवर लिहिलेली ओळ तोडून तिचे तुकडे करण्याचं काम लिनक्सवर आणि मॅकवर शेल करतं, पायथन करत नाही. ते तुकडे तुझ्या स्क्रिप्टला सिस.आर्गव्ही नावाच्या यादीत मिळतात. शून्य क्रमांकावर स्क्रिप्टचं नाव, पुढे तू दिलेले शब्द, आणि प्रत्येक तुकडा स्ट्रिंगच. ६ लिहिलंस तरी हातात पडते ती '६' ही स्ट्रिंग. यातून पुष्कळ गोष्टी उलगडतात. फाइलीचं नाव "जून महिना.सीएसव्ही" असेल आणि अवतरणचिन्हं दिली नाहीत, तर स्क्रिप्टला ‘जून’ आणि ‘महिना.सीएसव्ही’ अशा दोन वेगळ्या वस्तू दिसतात. लिनक्सवर *.सीएसव्ही लिहिलं तर शेल त्या तारकेच्या जागी सगळ्या फाइलींची नावं भरून देतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर तसं होत नाही, तिथे तारका जशीच्या तशी तुझ्या स्क्रिप्टपर्यंत येते. मॅडमचा लॅपटॉप विंडोजचा आहे, म्हणून आलेल्या नावात तारका दिसली तर ग्लोब मॉड्यूलने तू स्वतः नावं शोध. त्यांना लांबलचक नावं टाइप करायला लावू नकोस.

आणखी एक सांगते, कारण हे फार छळतं. कमांडची ओळ वर्डमध्ये लिहून किंवा ईमेलने पाठवून कॉपी केली, की कधी कधी दोन छोट्या डॅशचा एक लांब डॅश होतो आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण पायथनच्या लेखी तो पर्यायच नसतो. मॅडमसाठी सूचना लिहशील तेव्हा त्या साध्या टेक्स्ट फाइलीत लिही.

सिस.आर्गव्ही हाताने उलगडत बसायची गरज नाही. एकच फाइल घ्यायची असेल तर ठीक आहे, पण दुसरी गोष्ट आली की क्रम सांभाळावा लागतो, तिसरी आली की इफ आणि एल्सची रांग लागते. पायथनमध्येच आर्गपार्स आहे. पूर्वी गेटऑप्ट होतं, मग २.३ आवृत्तीपासून ऑप्टपार्स आलं, आणि स्टीव्हन बेथर्ड यांच्या पेप ३८९ या प्रस्तावातून आर्गपार्स २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांत मूळ लायब्ररीत आलं. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि तालुक्याच्या ऑफिसातलं इंटरनेट लक्षात घेता ही लाखमोलाची सोय आहे. क्लिक आणि टायपर या वेगळ्या लायब्रऱ्याही चांगल्या आहेत, टायपर तर फंक्शनच्या टाइप हिंटवरून सगळं ओळखतं. पुढे जरूर शीक. या कामाला मात्र आर्गपार्सच घे.

आता काय नुसतं द्यायचं आणि काय डॅश लावून? माझा नियम असा: ज्या वस्तूवर काम करायचं ती नुसती, आणि काम कसं करायचं ते डॅशने. तुझ्या बाबतीत फाइली नुसत्या, बाकी सगळं पर्याय. म्हणजे ओळ अशी दिसेल:

पायथन हिशोब.पाय जून.सीएसव्ही --महिना २०२५-०६ --गट सावित्री

नुसत्या द्यायच्या दोन-तीन गोष्टी ठेवल्यास तर कुठली आधी आणि कुठली नंतर हे लोकांना पाठ करावं लागतं. डॅशवाल्या पर्यायांना क्रमाचं बंधन नसतं, आधी लिहा नाहीतर नंतर.

फाइली किती येतील ते एनआर्ग्जने सांगता येतं. अधिकचं चिन्ह दिलंस तर एक किंवा अनेक, तारका दिलीस तर एकही नसली तरी चालेल, प्रश्नचिन्ह दिलंस तर एक किंवा काहीच नाही. तुझ्यासाठी अधिक बरं. एकही फाइल न देता स्क्रिप्ट चालली आणि ‘एकूण जमा ० रुपये’ असा अहवाल निघाला, तर तो कुणीतरी खरा मानून पुढे पाठवेल. त्यापेक्षा फाइल द्या म्हणून तिथेच थांबलेलं चांगलं. हा प्रश्न प्रत्येक पर्यायाच्या वेळी स्वतःला विचार: हे दिलं नाही तर निघणारं उत्तर बरोबर असेल का? बरोबर असेल तर डिफॉल्ट ठेव. चुकीचं असूनही बरोबर दिसणार असेल तर ते सक्तीचं कर. लवचीकपणा म्हणून मला एवढंच अभिप्रेत आहे. रोजचं काम कमी टाइपिंगमध्ये व्हावं, क्वचितचं कामही करता यावं, आणि अंदाजाने काही घडू नये.

महिन्यावर थोडा वेळ घालव, कारण तुझ्या स्क्रिप्टचा सगळा भार त्याच्यावर आहे. टाइप=इंट दिलंस तर स्ट्रिंगचा आकडा होतो आणि आकडा नसेल तर आर्गपार्स स्वतःच अडवतं. पण नुसता आकडा पुरत नाही, वर्षही लागतं. म्हणून टाइपच्या जागी स्वतःचं छोटं फंक्शन दे. ‘२०२५-०६’ ही स्ट्रिंग घ्यायची, डॅशवर तोडायची, दोन्ही तुकडे इंटमधून काढायचे आणि त्यांची त्या महिन्याच्या एक तारखेची डेट बनवायची. तेरावा महिना दिला तर डेट बनतानाच व्हॅल्यूएरर येतो, आर्गपार्स तो पकडतं आणि इंग्रजीत कोरडा निरोप दाखवतं. तो तू पकड आणि आर्गपार्स.आर्ग्युमेंटटाइपएरर उचलताना आपल्या भाषेत लिही: ‘महिना २०२५-०६ असा लिहा, तुम्ही दिलेला २०२५-१३ समजला नाही.’ मॅडमना हे वाचून काय करायचं ते कळेल. पायथनच्या इंटला देवनागरी अंक कळतात हे तुला ठाऊक आहे का? '२०२५' दिलं तरी आकडा नीट निघतो. कुणी मराठी कीबोर्डवरून महिना टाइप केला तर त्यासाठी तुला वेगळं काही करावं लागणार नाही.

महिना दिलाच नाही तर मागचा महिना धरायचा, हे तुझं म्हणणं योग्य आहे, कारण एक तारखेला तोच लागतो. पण डिफॉल्टच्या जागी काहीही गणित न करता नन ठेव, आणि पार्स झाल्यावर ‘हा नन आहे का’ असं विचारून मग मागचा महिना काढ. त्यामुळे वापरणारीने महिना दिला होता की आपण धरला, हे तुला कळतं आणि अहवालात ते छापता येतं. तपासताना ‘इज नन’ असंच लिही. ‘नॉट’ने तपासलंस तर शून्यालाही तू ‘दिलं नाही’ समजशील. महिन्याच्या बाबतीत शून्य येणार नाही, पण --किमान-थकबाकी ० असा पर्याय उद्या येईल आणि तिथे हे हमखास फसतं. आणि मागचा महिना काढताना महिन्यातून एक वजा करू नकोस. जानेवारीत तो शून्य होतो आणि वर्षही मागे जात नाही. आजच्या महिन्याची एक तारीख घे आणि त्यातून एक दिवस वजा कर, डिसेंबर आणि जुनं वर्ष दोन्ही आपोआप येतात.

गटांचं जरा अवघड आहे. एका वेळी दोन-तीन गटांचा अहवाल मागता यावा म्हणून --गटला एनआर्ग्ज अधिक देशील, तर आर्गपार्स पुढचे सगळे शब्द गिळतं.

पायथन हिशोब.पाय --गट सावित्री जिजाऊ जून.सीएसव्ही

इथे जून.सीएसव्ही हाही गटच समजला जातो, आणि वर ‘फाइल दिली नाही’ अशी तक्रार येते. मध्ये नुसते दोन डॅश टाकले की पुढचं सगळं पर्याय नाही हे आर्गपार्सला कळतं, पण हे सगळ्यांना लक्षात ठेवायला सांगणं अन्याय आहे. ॲक्शन म्हणून अपेंड दे. मग --गट सावित्री --गट जिजाऊ असं प्रत्येक वेळी लिहावं लागतं, चार अक्षरं जास्त, पण गोंधळ होत नाही. अपेंडला डिफॉल्ट म्हणून भरलेली यादी मात्र देऊ नकोस. वापरणारीने दिलेला गट त्या यादीची जागा घेत नाही, तिच्या शेवटी जोडला जातो. म्हणजे जिजाऊचा अहवाल मागितला तर सावित्रीही सोबत येईल. इथेही नन ठेव, आणि नन म्हणजे सगळे गट असं नंतर ठरव.

हो की नाही असे पर्याय घेताना टाइप=बूल कधीच लिहू नकोस, मनू. --थकबाकी फॉल्स असं दिलं तरी ते ट्रू होतं, कारण पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रू असते. एरर येत नाही, इशारा येत नाही, फक्त उत्तर उलटं येतं. स्टोअर_ट्रू ही ॲक्शन वापर, म्हणजे --थकबाकी नुसतं लिहिलं की ट्रू, नाही लिहिलं की फॉल्स. दोन्ही बाजू उघड सांगता याव्यात असं वाटलं तर ३.९ पासून बूलियनऑप्शनलॲक्शन आहे, ती नो जोडलेला उलटा पर्याय स्वतः तयार करते.

अहवाल फाइलीत लिहायचा की पडद्यावर दाखवायचा, यासाठी तू दोन पर्याय ठेवले आहेस. एकात भागतं. --अहवालला एनआर्ग्ज प्रश्नचिन्ह दे, आणि कॉन्स्टमध्ये ठरलेलं फाइलनाव दे. पर्याय लिहिलाच नाही तर डिफॉल्ट, म्हणजे पडदा. नुसतं --अहवाल लिहिलं तर ठरलेल्या नावाची फाइल. --अहवाल जून.टीएक्सटी लिहिलं तर ती फाइल. एकच काळजी घ्यायची. हा पर्याय ओळीच्या शेवटी लिहायला सांग, नाहीतर पुढे आलेली सीएसव्ही फाइल हाच अहवाल समजून तिच्यावर लिहिलं जाईल. खरं म्हणजे त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर --पुसा असा वेगळा पर्याय दिल्याशिवाय लिहायचंच नाही, असं कर. बायकांच्या बचतीच्या नोंदी आहेत त्या. एकदा वरून लिहिलं गेलं की कुणाच्या पासबुकातून परत उभ्या करणार?

आता आर्गपार्सच्या दोन सवयी, ज्या सोयीच्या वाटतात आणि मला पटत नाहीत. पहिली म्हणजे, पर्यायाचं नाव अर्धवट लिहिलं तरी ते ओळखून घेतं. --महि लिहिलं तरी --महिना. उद्या तू --महिला-संख्या असा पर्याय जोडलास की --महि दोघांनाही लागू पडतं आणि एक तारखेला सर्व्हरवर बिनबोभाट चालणारी जुनी ओळ बंद पडते, तुझ्या कोडात काही चूक नसताना. पार्सर बनवतानाच अलाउ_ॲब्रेव्ह फॉल्स करून टाक. दुसरी सवय पार्स_नोन_आर्ग्जची. न ओळखलेले शब्द ते एरर न देता बाजूला काढून ठेवतं. दुसऱ्या प्रोग्रामला काही पुढे पाठवायचं असेल तेव्हा ते उपयोगी आहे. ‘कुणी काहीही लिहिलं तरी स्क्रिप्ट चालावी’ म्हणून वापरलंस तर --महीना असं दीर्घ लिहिलेलं मुकाट सोडून दिलं जाईल आणि मागच्या महिन्याचा अहवाल निघेल. साधं पार्स_आर्ग्जच ठेव, ते अडतं आणि अडलेलं बरं.

अडतं म्हणजे काय, तेही बघून ठेव. चुकीचा पर्याय दिला की आर्गपार्स वापराची ओळ आणि चूक स्टँडर्ड एररवर छापतं आणि २ या कोडने बाहेर पडतं. सर्व्हरवर ‘हिशोब झाला तरच ईमेल पाठव’ असं जोडलं असेल तर तो २ बघून ईमेल जात नाही. तूही नंतरच्या चुकांसाठी, म्हणजे फाइल सापडली नाही वगैरेसाठी, शून्याऐवजी दुसरा कोड देऊनच बाहेर पड. फाइली आहेत का, उघडता येतात का, हे पहिल्या फाइलीचं काम सुरू करण्याआधीच सगळ्यांसाठी तपास. चाळीस गटांपैकी सदतिसाव्यावर अडलेली स्क्रिप्ट म्हणजे सगळं पहिल्यापासून. सर्व्हरवर क्रॉन लावताना फाइलींचे पत्ते पूर्ण दे. तू ज्या फोल्डरमध्ये उभी राहून चालवून बघतेस, तिथून क्रॉन चालवत नाही.

पुढे कधी डेटाबेस जोडलास आणि त्याचा पासवर्ड --पासवर्ड म्हणून घेण्याचा विचार मनात आला, तर तो काढून टाक. ती ओळ शेलच्या इतिहासात राहते, आणि स्क्रिप्ट चालू असताना त्याच मशीनवरच्या इतरांना प्रोसेसच्या यादीत दिसू शकते. माणूस समोर असेल तर गेटपासने विचार, सर्व्हरवर असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घे. तेच फोल्डरच्या पत्त्याचं. दर वेळी तोच असतो, मग तो कॉन्फिग फाइलीत जाऊ दे. फक्त कुणाचं कुणावर चालतं ते पक्कं ठेव: कमांड लाइनवर दिलेलं सगळ्यांत वरचढ, मग एन्व्हायर्नमेंट, मग कॉन्फिग फाइल, शेवटी डिफॉल्ट. हा क्रम लोकांना सवयीचा आहे. तो मोडू नकोस.

सबकमांडची घाई नको. हिशोब काढणं, नवा गट नोंदवणं, जुन्या नोंदी तपासणं अशी खरोखर वेगळी कामं झाली तर सबपार्सर्स घे आणि रिक्वायर्ड ट्रू द्यायला विसरू नकोस, नाहीतर सबकमांड न देताच स्क्रिप्ट पुढे सरकते.

एक सवय मात्र आजपासूनच लाव. सगळं काम मेन नावाच्या फंक्शनमध्ये घाल, त्याला आर्गव्ही नावाचा पॅरामीटर दे, डिफॉल्ट नन, आणि तोच पार्स_आर्ग्जला पुढे दे. नन असला की आर्गपार्स कमांड लाइनवरून घेतं, यादी दिलीस तर ती यादी वापरतं. टेस्टमधून तुला हवे ते शब्द देऊन स्क्रिप्ट चालवता येते, टर्मिनल उघडावं लागत नाही. एक जानेवारीचा तो मागचा महिना तू ऑगस्टमध्येच तपासू शकतेस, फक्त आजची तारीखही मेनला बाहेरून देता येईल अशी सोय ठेव.

आणि --हेल्प. ती आर्गपार्स फुकट बनवून देतं, पण प्रत्येक पर्यायापुढे काय छापायचं ते तुलाच लिहायचंय. ‘महिना’ या पर्यायापुढे नुसतं ‘महिना’ लिहिलंस तर कुणाला काय कळणार? ‘अहवालाचा महिना, उदा. २०२५-०६. न दिल्यास मागचा महिना’ असं लिही. एपिलॉगमध्ये मॅडमना लागणाऱ्या दोन-तीन पूर्ण ओळी उदाहरण म्हणून दे. त्या ओळी टिकाव्यात म्हणून रॉडिस्क्रिप्शनहेल्पफॉर्मॅटर लाव, नाहीतर त्या सगळ्या एका परिच्छेदात कोंबल्या जातात. मदतीच्या मजकुरात टक्क्याचं चिन्ह आलं तर ते दोनदा लिही, एकदा लिहिलंस तर एरर येतो. तुझ्या मजकुरात व्याजदर आहे, म्हणून सांगितलं.

नावं ठरवताना सावकाश ठरव. एकदा ती मॅडमच्या वहीत आणि सर्व्हरच्या क्रॉनमध्ये गेली की ती तुझ्या एकटीची राहत नाहीत. बदलायचीच वेळ आली तर ॲड_आर्ग्युमेंटला जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं देता येतात, जुनं लिहिणाऱ्यांचं काम अडत नाही. तू आता कोडला हात लावायच्या आधी हेल्पचा मजकूर लिही, तो मॅडमना पाठव, आणि त्यातून त्यांना स्वतःची ओळ लिहिता येते का ते विचार. त्या जिथे अडतील तिथलं नाव किंवा डिफॉल्ट बदल, आणि मग मला पाठव. पार्सर आपण दोघी मिळून लिहू.